अनामत म्हणजे काय

बारावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात नागपूरच्या कॉलेजचं आणि वसतिगृहाचं माहितीपत्रक मी मागवून घेतलं. बाबा मूल गावच्या राइस मिलमध्ये हमाली करत. शाळा चौथीपर्यंतच, पण हिशेबाला पक्के. मी वाचायचं आणि त्यांनी बोटांच्या पेरांवर खर्च धरायचा, असं आमचं अंदाजपत्रक सुरू झालं. फी माफ होती. मेसचे दहा महिने त्यांनी धानाच्या खंडीत मोजले, कारण रुपयांत मोजले की त्यांना धडकी भरायची. मग साबण, तेल, वह्या, एसटीचं तिकीट. इथपर्यंत ठीक चाललं होतं.

"वसतिगृह अनामत, दोनशे रुपये," मी वाचलं.

बाबा थबकले. हा शब्द आमच्या गावाला एकाच कारणाने ठाऊक होता. गावातले एक भाऊ हौसेने इलेक्शनला अपक्ष उभे राहिले आणि त्यांची अनामत जप्त झाली. तेव्हापासून सारं गाव त्यांना पाठीमागे जप्तभाऊच म्हणत असे.

"म्हणजे पास झाली तं पैसे वापस, नाई तं जप्त," बाबा म्हणाले.

मलाही तसंच वाटलं. गावातली पहिली बारावी पास मुलगी मी, पण कुणाला तरी विचारावं एवढी अक्कल काही सुचली नाही.

"खरं सांग माय, पास होशील नं? हे तुह्या आईचे रोवणीचे पैसे हायेत. घरावर नवे कवेलू टाकाले ठेवले तिनं."

"होईन," मी म्हटलं. इंग्रजीत मी जेमतेम काठावर होते. पण 'सांगता येत नाही' म्हटलं असतं तर पुढच्या आठवड्यापासून मीही आईच्या शेजारी चिखलात वाकून रोवणीच करत असते. त्या दिवशी मी खोटं बोलले, आणि ते पचेल असं मला वाटलं.

पहिल्या वर्षाच्या निकालात इंग्रजी गेलं. बाकीचे विषय निघाले होते, पुढच्या वर्गात बसता येत होतं, पण माझ्या डोळ्यांपुढे फक्त आईचे दोनशे रुपये. वर्गात बसवेना, जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी धीर करून वसतिगृहाच्या खिडकीपाशी गेले आणि जप्तीबद्दल विचारलं. कारकून मोठ्याने हसला.

"नापास होण्याचा आणि अनामतीचा काय संबंध? वसतिगृह सोडा, आजच्या आज पैसे घेऊन जा."

मी हलकी होऊन खोलीवर आले. अर्ध्या तासाने त्याचं दुसरं वाक्य डोक्यात शिरलं. पैसे बुडाले नव्हते, पण वसतिगृह, म्हणजे शिक्षणच, सोडलं तरच ते आत्ता मिळणार होते. दुसऱ्या दिवशी घरी जाताना एसटीत सगळा रस्ता मी एकच ठरवत होते, अर्धंच सांगायचं की पूर्ण.

घरी पोचले तेव्हा पाऊस सुरू होता. आईने गळतीखाली घमेली आणि पातेली मांडली होती, अंथरूण गुंडाळून कोपऱ्यात उभं केलं होतं. मला अर्धं सांगणं जमलं नाही.

"मंग नाव काढून घे," आई लगेच म्हणाली. "नापास तं झालीच न तू. इथी सारं घर गळून राह्यलं."

बाबांचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला. ते हिशेब करताहेत हे मला दिसत होतं, आणि मला त्यांची भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच.

"जप्त झाली समज," शेवटी ते आईला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "उद्याची एसटी पकड."

मी गेले. पुढे इंग्रजी निघालं, पदवीही झाली. आई मात्र धान कापणीपर्यंत माझ्याशी बोलली नाही, आणि त्याचा मला तेव्हा रागच आला होता. त्या पावसाळ्यात ती घरात कुठे झोपत होती, हे मी एकाही पत्रात विचारलं नाही.