चौथं तिकीट

शहरात एके काळी तीन ड्राइव्ह-इन होती. गाडीतच बसायचं, समोर चार मजली पडदा, आणि आवाज खांबावरच्या भोंग्यातून. भोंगा काचेला अडकवायचा. सिनेमा संपला की दर खेळाला एखादा तरी तो काढायला विसरायचा आणि वायर तोडून भोंग्यासकट घरी जायचा. आता तिन्ही गेली. एकाच्या जागी फरश्यांचं गोदाम आहे, दुसऱ्याच्या जागी इमारती, तिसऱ्याच्या जागी नुसतंच कुंपण.

गोदाम झालं त्या ड्राइव्ह-इनच्या फाटकावर तो एकवीस वर्षं उभा होता. लोक त्याला तराजू म्हणत.

तिकीट गाडीमागे नव्हतं, माणशी होतं. त्यामुळे माणसं डिकीत लपून यायची. मेहुणे यायचे, भाचे यायचे, एकदा तर नवरदेव आला होता. तराजू फाटकाच्या अलीकडे उभा राहायचा आणि गाडीच्या तोंडाकडे बघायचाच नाही. बघायचा शेपटीकडे. मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी स्प्रिंगा, किती बसलेत, चाक मडगार्डखाली किती गेलंय. दोन बोटं म्हणजे सामान. चार बोटं म्हणजे माणूस. सहा म्हणजे दोन माणसं, किंवा एक मामा.

मग तो डिकीवर दोनदा टिचकी मारायचा. "पाहुणे, उतरा. आलं गाव."

आतला माणूस कपडे झटकत बाहेर यायचा, रांगेतले लोक टाळ्या वाजवायचे, तो तिकीट काढायचा. कुणी रागावत नसे. अर्धे लोक ही गंमत बघायलाच लवकर येत. मालक आपल्या पाहुण्यांना मुद्दाम फाटकाशी घेऊन यायचा. "सिनेमा राहू द्या, आधी आमचा तराजू बघा."

घरी बायको म्हणायची, "बाहेर गाड्या तोलता, आणि घरात पिठाचा डबा रिकामा झालेला कळत नाही."

"डब्याला पाटे नसतात," तो म्हणायचा.

ड्राइव्ह-इन बंद झालं, तराजू म्हातारा झाला, पण एक किस्सा शहरात राहिला. न्हाव्याच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. तराजूनं एकदा डिकी उघडली, तर आत एक बाई झोपलेली. डोक्याखाली उशी, हातात शेंगदाण्यांची पुडी. तराजू म्हणाला, "ताई, सिनेमा पुढच्या बाजूला आहे!"

किस्सा सांगणाऱ्याप्रमाणे वाढायचा. कधी दोन बाया असायच्या, कधी सासू असायची. सगळ्यांत छान सांगायची ती त्याची बायको. ती उशी थोपटायची, पुडी सोडायची, शेवटचं वाक्य त्याच्या आवाजात म्हणायची. तोवर तराजू उठून पाणी प्यायला गेलेला असे.

"स्वतःचं कौतुक ऐकवत नाही त्यांना," ती लोकांना सांगायची.

नातीनं हा किस्सा तिसरीत असताना निबंधात लिहिला होता. आता ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि वाचनालयात ड्राइव्ह-इनच्या आठवणींचं प्रदर्शन भरवत होती. घरोघर जाऊन तिनं फोटो, तिकिटं, तुटक्या वायरीचे भोंगे जमवले. अकरा घरांत भोंगे निघाले.

"आजोबा, रविवारी दुपारी चार वाजता. तुम्ही प्रमुख पाहुणे."

"मी कसला पाहुणा? पाहुण्यांना डिकीतून काढणारा मी."

"म्हणूनच."

"गुडघे दुखतात गं."

"गुडघे?" बायको आतून म्हणाली. "काल शिडीवर चढून जळमटं कुणी काढली?"

"मी सगळ्यांना सांगितलंय," नात म्हणाली. "माझे आजोबा येणार म्हणून."

तिच्या तोंडच्या 'माझे आजोबा'पुढे त्याचं काही चालत नसे. इतर लोक त्याचं कौतुक करत तेव्हा त्याला ते परक्याच्या कोटासारखं वाटे, अंगाला न बसणारं. पण ही पोर त्याच्याकडे बघायची तेव्हा त्याला वाटायचं, निदान हिच्यासाठी तरी तो कोट आपलाच असू दे. तो गेला.

वाचनालयाच्या दारात मोठा फळा होता. त्यावर नातीच्या गोल अक्षरात तोच किस्सा, शेवटचं वाक्य रंगीत खडूनं. तराजूनं मान खाली घालून फळा ओलांडला. आत काचेखाली तिकिटांचं एक पुडकं होतं. फिकट गुलाबी, मधोमध टोचलेल्या भोकांची रेघ. त्याचा हात आपोआप खिशात गेला. खिशात काहीच नव्हतं.

मग सगळ्यांना मागच्या आवारात नेलं. तिथे तीन गाड्या ओळीनं उभ्या होत्या. पन्नास-साठ लोक जमले होते. पहिल्या रांगेत खुर्चीवर बायको, पदर नीट करून. ग्रंथपालांनी माइक घेतला.

"मंडळी, यांतल्या एका डिकीत माणूस आहे. आता तराजूची परीक्षा!"

नव्या गाड्या पूर्वीसारख्या बसत नाहीत. तरी त्याला कळलं. मधली पांढरी. जेमतेम एक बोट, पण बसलेली. आणि हेही कळलं, की सकाळपासून कोपराला धरून चालणारी नात गेली पाच मिनिटं कुठे दिसत नव्हती.

तो पांढऱ्या गाडीपाशी गेला. टिचकी मारली नाही. पत्र्यावर नुसता तळवा ठेवला. आतून दाबलेलं हसू ऐकू आलं. आत गुदमरत असेल पोर, असं वाटून त्यानं घाईनं झाकण उचललं.

ती पाय पोटाशी घेऊन निजली होती. डोक्याखाली उशी, हातात शेंगदाण्यांची पुडी. सगळं फळ्यावर लिहिल्याप्रमाणे. लोक टाळ्या वाजवू लागले.

"म्हणा ना आजोबा," ती कुजबुजली. "वाक्य म्हणा."

"ताई, सिनेमा...!" मागून कुणीतरी सुरुवात करून दिली. पाच-सहा जण हसले.

तराजू तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती हसत होती.

"ती हसत नव्हती," तो म्हणाला.

माइक समोर होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

"कोण?" ग्रंथपालांनी विचारलं.

"ती बाई. तिनं तोंडावर हात घेतले होते. माझ्या हातात बॅटरी होती. मी म्हटलं, ताई, सिनेमा पुढच्या बाजूला आहे. लोक हसले, म्हणून मी बॅटरी अजून जवळ नेली. मग ती हात काढून म्हणाली, दिवा बंद करा हो."

तो थांबला. आवारात अजून कुणीतरी हसत होतं, पुढे काय गंमत आहे म्हणून.

"अर्धा चेहरा भाजलेला होता. जुनं भाजलेलं. डोळ्यापासून हनुवटीपर्यंत कातडी आक्रसलेली."

आता कुणी हसलं नाही.

"गाडीत तिचा भाऊ होता, वहिनी होती, आई होती. भाऊ खाली उतरला. हळूच म्हणाला, तिचं तिकीट काढलंय हो. बघा, चार आहेत. त्यानं आधी दिलेली तिकिटं माझ्या मुठीतच होती. मूठ उघडून बघितली. चार होती."

ही गोष्ट त्यानं आजवर कुणालाही सांगितली नव्हती. एकवीस वर्षांत त्यानं तिकिटं कधी मोजलीच नव्हती. फाडायचा आणि पेटीत टाकायचा. डोळे सदा पाट्यांवर. पाटे खोटं बोलत नाहीत, असं तो म्हणायचा. नव्हतेच बोलले. डिकीत माणूस होताच. फक्त तो चोर नव्हता.

"मग?" नातीनं विचारलं. ती अजून डिकीतच होती, उठून बसली होती.

"तेवढ्यात मालक आले, पाहुण्यांना घेऊन. म्हणाले, शाब्बास! तिकिटं किती आहेत रे? रांगेत तीस गाड्या. सगळे काचा खाली करून बघतायत." त्यानं अंगठा तळव्यावर दाबून दाखवला. "मी एक तिकीट अंगठ्याखाली दाबलं. खिशात सरकवलं. म्हटलं, तीन."

कुणीतरी मागे खोकलं.

"भाऊ भांडला नाही. माझ्याकडे एकदा बघितलं, बस्स. तिच्या अंगावर शाल घातली आणि दोन्ही हातांनी झाकण लावलं. आवाज न करता. गाडी वळवून सगळ्या रांगेपुढून परत नेली. तिला सीटवरही घेतलं नाही, इतका उजेड होता तिथे. मागचे पाटे तसेच बसलेले."

दुसऱ्या दिवशी जोडीदार फाटकवाल्यानं त्याला सांगितलं होतं, ते त्यानं पुढे सांगितलं. दोन वर्षं ती माणसं दर मंगळवारी यायची, तराजूच्या सुट्टीच्या दिवशी. फाटकावर दिवे असत, म्हणून तेवढ्यापुरती ती बाई डिकीत असायची. आत अंधारात मागच्या सीटवर बसायची, खिडकी उघडी ठेवून, वाऱ्यावर. चारचौघांत बसावं अशी तिला शहरात तेवढीच एक जागा होती. त्या आठवड्यात सिनेमा मंगळवारच्या आधी बदलणार होता, म्हणून ती शनिवारी आली.

"परत?" नातीनं विचारलं.

"परत नाही आले."

"अहो, जाऊ द्या हो," ग्रंथपाल म्हणाले. माणूस भला. "किती जुनी गोष्ट. तुम्ही तुमचं काम करत होतात."

"काम मोजायचं होतं," तराजू म्हणाला.

नात अजून त्याच्याकडे बघत होती. पण तिसरीतल्या निबंधाच्या वेळी जशी बघायची तशी नाही. मोठ्या माणसानं मोठ्या माणसाकडे बघावं तशी.

"तुम्ही त्यांच्याकडे गेला नाहीत?"

"गेलो ना. भावाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, बाजाराच्या टोकाला. दोन वर्षं मी त्या बाजूनं चाललोच नाही, समोरच्या फुटपाथनं जायचो. मग एकदा गेलो. त्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं. म्हणाला, काय बिघडलंय? मी हातातलं घड्याळ काढून दिलं. चांगलं चालत होतं. त्यानं उघडलं, बघितलं, बंद केलं. म्हणाला, यात काही बिघाड नाही. पैसे घेतले नाहीत. मी घड्याळ घेऊन परत आलो."

"ओळखलं त्यांनी?"

"ओळखलं गं. घड्याळाचं झाकण तसंच लावलं त्यानं. आवाज न करता."

मग बोलली ती बायको. माइकवर नाही, पण ऐकू आलं.

"तेव्हा तुमचा गणवेश धुताना खिशात कागदाचा लगदा निघाला होता. मी म्हटलं होतं, खिसे तपासत जा." ती जरा थांबली. "आणि मी ही गोष्ट लग्नालग्नांतून सांगितली. उशी थोपटून थोपटून. तुम्ही पाणी प्यायला जायचात."

त्यानं नातीला उतरायला हात पुढे केला. तिनं तो धरला नाही. डिकीच्या काठाला धरून ती स्वतःच उतरली, पुडी त्याच्या हातात दिली आणि वाचनालयाच्या दाराकडे चालू लागली. लोकांनी वाट दिली. तराजू मागोमाग गेला. पुडी कुठे ठेवावी ते त्याला कळेना.

तिनं फळा ओल्या फडक्यानं पुसला. सगळा, कोपऱ्यांपर्यंत. पाठमोरीच म्हणाली, "नाव काय होतं त्यांचं?"

"माहीत नाही."

"भावाच्या दुकानात नाही विचारलंत?"

"नाही."

"दुकान आहे अजून?"

"आहे. तो गेला. मुलगा बसतो आता."

"मग त्याला आत्या असेल," ती म्हणाली. "किंवा होती. उद्या जायचं. घड्याळ घरी ठेवून यायचं."

मग ती वळली आणि खडू त्याच्यापुढे धरला. चेहऱ्यावर ना राग, ना माया. ती फक्त थांबली होती.

फळा अजून ओला होता. खडू नीट उमटत नव्हता, एकेक अक्षर दोनदा गिरवावं लागत होतं. बाहेर पडणारे लोक दाराशी थांबत, वाचत, आणि काही न बोलता त्याच्या बाजूनं निघून जात. तराजू लिहीत राहिला. नात बाजूला उभी होती, त्यानं एखादा शब्द गाळू नये म्हणून.

'तिकिटं चार होती,' त्यानं लिहिलं. 'मी तीन सांगितली.'