मोकळी दिसलेली गल्ली

दुष्काळाच्या त्या वर्षांत घरात पीठ आलं की आधी सुताच्या खळीला जायचं, उरलं तर भाकरीला. आम्ही नगरच्या जुन्या गावातले विणकर. पुढच्या खोलीत माग आणि त्याच्या कडेला आम्ही पाच जण. लुगड्यांना गिऱ्हाईक नव्हतं, पण माग थांबला असता तर होतं तेवढंही मिळालं नसतं.

आमचा खरा कारखाना घराबाहेरच्या गल्लीत होता. सकाळी खुंट्या ठोकून ताणा, म्हणजे लुगड्याचं उभं सूत, गल्लीभर ताणायचं. मग त्याला खळ लावून दोन्ही अंगांनी कुंचा फिरवत चालायचं. ओलं सूत मध्येच गुंडाळलं तर चिकटून सगळं वाया जायचं. वरच्या अंगाला व्यापाऱ्यांची पेठ होती. तिथं घरोघर नळ, खाली फरशी. त्यांची गटारं मात्र आमच्याकडं उतरायची.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो, आमच्या घराण्यात पहिलाच. तेव्हा कळलं की बाजारात ट्रक यावेत म्हणून रस्ता रुंद होणार आहे, आणि तो पेठेतून न जाता आमच्या गल्लीतून जाणार आहे. घरं पुढून कापली जाणार होती, म्हणजे माग जाणार होते. कचेरीत जाऊन मी नकाशा पाहिला. पेठेवर ‘बाजार’ लिहिलं होतं. आमच्या गल्लीवर लिहिलं होतं, ‘मोकळी जागा’.

घरी येऊन वडिलांना विचारलं, "मोजायला आले तेव्हा ताणा नव्हता?"

"कसा असंल? सायेब येनार म्हनून आदल्या दिशीच सांगावा आला. ताना लावलाच न्हाई आमी. झाडून सडा घातला. सायबाला वाकून जायाला लावायचं व्हय?"

गल्लीतून वरात, प्रेत किंवा मोठा माणूस जायचा असला की ताणा काढायचा, ही आमच्याकडची रीत.

"मी तर रांगुळीबी काढली हुती," शेजारच्या काकू म्हणाल्या. "तिच्यावरनंच गेला त्यो."

मी हरकतीचा अर्ज दिला. सुनावणीला इंजिनिअर साहेब म्हणाले, "मी स्वतः पाहून आलोय. तिथं काही नव्हतं."

"तुम्ही येणार म्हणून नव्हतं, साहेब. आता न सांगता या, सकाळचं."

"शिकतोस ना? मग नागापूरला कारखाने निघतायत, तिकडं बघ. हातमाग किती दिवस चालणार?"

"मी बघीन. पण वडिलांना तिथं कोण घेणार?"

त्यांनी पुढचा अर्ज हातात घेतला. पण एका सकाळी आले. ताण्याला नुकतीच खळ लागली होती. साहेब दिसताच वडिलांनी कुंचा टाकला आणि खुंटीला हात घातला.

"आप्पा, काढू नका," मी म्हणालो.

"अरं, सायेब उभं हायत."

"राहू द्या उभे."

वडिलांचा हात खुंटीवरच राहिला. साहेब जरा थांबले आणि मग भिंतीला पाठ लावून, अंग चोरत पुढं सरकले. पँटीला खळ लागली.

"जपून सायेब," काकू दारातून म्हणाल्या, "आज रांगुळी न्हाई."

गल्ली हसली. वडील हसले नाहीत. दारात आलेल्या माणसाला भिंतीला घासून जायला लावलं, हे त्यांना फार लागलं होतं.

नकाशा बदलला. रस्त्याची रेघ पेठेत मात्र गेली नाही. ती पलीकडच्या बोळात सरकली. तिथं हमालांची घरं होती, अर्ज लिहील असं त्यांच्यात कुणी नव्हतं. मी त्यांचा अर्ज घेऊन गेलो, तर कचेरीत सांगितलं, मुदत संपली. पावसाळ्याआधी त्यांच्या भिंती पाडल्या. काही कुटुंबं गावाबाहेर पत्र्याच्या खोल्यांत गेली. ट्रक अजून त्याच वाटेनं येतात.

आमच्या गल्लीतलं एकही घर पडलं नाही. वडिलांचा माग जागेवर राहिला, आणि त्याच उन्हाळ्यात मी बी.ए. झालो.