माझ्या ओळी, त्याचं नाव

पुण्यातल्या माझ्या जोडीदाराने मला फसवलं. माझा एक शब्दही न पुसता त्याने माझं सगळं काम स्वतःच्या नावावर करून घेतलं.

आम्ही दोघांनी लिनक्सवर एक सॉफ्टवेअर उभं केलं होतं आणि आता ते विंडोजवर आणत होतो. कुठल्याही प्रोग्रॅममधली कोणती ओळ कोणी, कधी लिहिली याची नोंद ते ठेवतं. त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या ओळींची नोंदही त्यातच होती. जोडीदार पुण्यात, मी माझ्या गावी कुरुंद्यात. मी कॉलेज पाहिलं नाही. बंद पडलेल्या नेट-कॅफेंचे कॉम्प्युटर घासाघीस करून उचलायचे, दुरुस्त करून आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडे विकायचे, त्यातच शिकत गेलो.

सौद्यात मला कोणी गाठत नाही, असा माझा समज होता. म्हणून सुरुवातीलाच मी अट घातली, की नोंदीत ज्याच्या नावावर जास्त ओळी, त्याचं नाव आधी आणि शेवटचा शब्द त्याचा. जास्त ओळी माझ्याच असणार हे मला माहीत होतं. तो लगेच हो म्हणाला. समोरचा इतक्या लवकर हो म्हणाला की सौदा पुन्हा उलटून पाहायचा असतो. जुना मॉनिटर घेतानासुद्धा मी पाहतो. त्या दिवशी पाहिला नाही.

लिनक्सवर प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारी एक खूण असते, विंडोजवर दोन. फाइल इकडून तिकडे गेली की ओळ तीच राहते, शेवट बदलतो, आणि आमच्या सॉफ्टवेअरला वाटतं ओळच बदलली, म्हणून ते शेवट बदलणाऱ्याचं नाव तिच्यावर लावतं. हा फरक मोजू नये, हे सॉफ्टवेअरला शिकवायचं काम माझ्याकडे होतं. कित्येक महिने मी त्यातच होतो. काम झालं होतं, फक्त मूळ प्रतीत जोडायचं बाकी होतं.

त्याआधीच एका सकाळी जोडीदाराने सगळ्या फाइलींचे शेवट एका फटक्यात बदलले. मी नोंद उघडली तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्याचंच नाव.

बायकोने विचारलं, "काय झालं वो? चहा तसाच हाय."

"समदं त्याच्या नावावर गेलं."

"तुमी लिहिलेलं पुसलं का त्यानं?"

"न्हाई. जसंच्या तसं हाय."

"मग काहून तापून राहिले?"

मी म्हणालो, "शेत आपलं, पीक आपलं. त्यानं नुसते धुरे-बांध पुन्हा घातले अन् सातबाऱ्यावर त्याचं नाव चढलं."

"मग तलाठ्याकडं जा की."

"तलाठीच तर बनवून राहिलो होतो आमी."

ती हसली. मला हसू आलं नाही. मी त्याला फोन लावला.

तो शांतपणे म्हणाला, "दादा, शेवट कधीतरी बदलायचेच होते ना?"

"माझं काम जोडल्यावर बदलायचे होते. मला सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुम्हीच आधी बदलले असते."

यावर मी नको ते बोललो. त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "अट तुमचीच होती, दादा."

माझं काम जोडलं तर नोंद पुन्हा सरळ होते. माझ्या कॉम्प्युटरवर मी ते करून पाहिलं. प्रत्येक ओळ आपापल्या धन्याकडे परत गेली. पण मूळ प्रतीत काय जोडायचं हे शेवटचा शब्द ज्याचा तो ठरवणार, आणि आता तो त्याचा. मी काम पाठवलं. "पुढे बघू" असं उत्तर आलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. ओळखीच्या एका वकिलाला विचारलं तर तो म्हणाला, "लेखी काय आहे?" लेखी माझीच अट आहे. तिच्याखाली दोघांची नावं आहेत, आणि ती माझ्याच विरोधात जाते. आता घासाघीस करायची तर माझ्या हातात सोडून द्यायलाही काही उरलेलं नाही.

रोज सकाळी मी नोंद उघडतो आणि त्याचं नाव वाचतो. माझं लिखाण मला तोंडपाठ आहे. कोणती ओळ कुठे अडली होती, हेसुद्धा आठवतं. ते कोणाला दाखवणार?

आता त्यानेच बोलावं. फोनवर मला एकट्याला नको. जे लोक हे सॉफ्टवेअर वापरतात आणि त्यावर त्याचं नाव वाचतात, त्यांच्यासमोर त्याने कोणतीही एक फाइल उघडावी, बोट ठेवावं आणि सांगावं. सांग, यातली कोणती ओळ खरंच तू लिहिलीस?