भिंतीवरची निळी रेघ

पूर ओसरल्यावर पुढच्या उन्हाळ्यात कॉलेजचे एक सर आमच्या वळ गावात आले. पुरापासून गावं कशी वाचवायची, या संशोधनासाठी त्यांना अनुदान मिळालं होतं. पाणी कुठवर चढलं ते घराघरांत विचारून त्यांनी तिथे भिंतीवर निळी रेघ मारली. आमच्या ओटीवर ती माझ्या छातीशी आली.

रेघ बघून तरी लोक खाडीकडची शेतं पुराचं पाणी पसरायला मोकळी ठेवतील असं मला वाटलं. कसलं काय! त्या शेतांत गोदामं बांधणाऱ्यांना आयतं माप मिळालं. आमच्याच भिंतीला दोरी लावून ते लेव्हल काढायचे आणि रेघेच्याही वर हातभर येईल एवढा मातीचा भराव टाकायचे. बघता बघता घराच्या तीन बाजूंची जमीन उचलली गेली. ओटीवर उभं राहिलं की पलीकडची जमीन माझ्या डोळ्यांशी सुरू व्हायची. मला खड्ड्यात उतरल्यासारखं व्हायचं. आभाळ भरून आलं की आधी भरतीची वेळ आठवायची.

जूनच्या तोंडावर सर पुन्हा आले. भराव बघून खूश झाले. "गावानं स्वतःच उपाय शोधला की! आता पुढच्या टप्प्याचं अनुदान नक्की."

आईने विचारलं, "मंग आमचं घर, सर? पानी आता कुठं जाईल?"

सरांची नजर निळ्या रेघेवरून वर सरकत छपराच्या वाशांपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. त्याच्या वर रेघ मारायला भिंतच नव्हती.