नटबोल्टचा वधस्तंभ

बारामतीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा हातात एकच काम होते: जळोचीच्या वेल्डरकडून क्रूस घ्यायचा आणि शेळगावला मावशीकडे पोचवायचा. काकांच्या कबरीवरचा लाकडी क्रूस वाळवीने खाल्ला. यंदा गवत इतके माजले की मावशीला नवऱ्याची कबरच सापडली नाही. त्या दिवशी ती जेवली नाही. उद्या सकाळी तिथे प्रार्थना होती.

वेल्डर रफिकभाईंनी कौतुकाने माल दाखवला. जाड लोखंडी खांब, वर रंग, कुंपणाच्या तारेसाठी असतात तशी भोके. आडवा दांडा मात्र नव्हता.

"बाई फोनवर वधस्तंभच म्हनल्या," ते म्हणाले. "स्तंभ म्हंजी खांबच की. वध कुनाचा, ते इचारनं बरं न्हाय."

आमच्या जुन्या मराठी बायबलात क्रूसाला हाच शब्द आहे. जन्मभर ऐकला, पण त्यात आडवा दांडा नाही हे कधी ध्यानात आले नव्हते. मला हसू आले आणि धास्तीही वाटली, कारण वीज गेली होती. वेल्डिंग होणार नव्हते.

"आडवं कशापायी लागतं?"

"त्यावर हात पसरून खिळे ठोकले होते."

रफिकभाईंनी आपले दोन्ही हात पसरून पाहिले. मग जुन्या मांडणीची भोकांची पट्टी करवतीने कापली, नटबोल्टने खांबाला आवळली आणि पाना (नट आवळायची किल्ली) माझ्या हातात दिला. "ढिलं पडलं की आवळा."

एसटीत कंडक्टरने क्रूसाला मागे उभे केले. सणसर गेले, दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. शेळगावच्या फाट्यावर उतरून तो खांद्यावर घेतला. क्रूस वाहण्याविषयी लहानपणापासून ऐकत आलो. खांदा सोलवटतो हे कोणी सांगितले नव्हते.

मागून एक तात्या सायकल हातात धरून आले. "पाव्हणं, कुणाकडं?"

"रूथमावशीकडे."

"मंग एक टोक सायकलीवर टेकवा. मास्तरांचं हाय न्हवं?" काका शाळेत शिकवायचे. तात्या घरापर्यंत आले, चहाला मात्र थांबले नाहीत.

रात्री मावशीने पिठलं-भाकरी वाढली. सकाळी गावच्या चारजणांनी गवत काढले, कबर सापडली, क्रूस रोवला, प्रार्थना झाली. मावशीने नट चाचपले. मला ओशाळल्यासारखे झाले.

"वीज आली की रफिकभाईंना आणतो," मी म्हणालो. "पक्का जोडून देतील."

"नगं," मावशी म्हणाली. "पक्का झाला तर मी घरी बसंन. नट हायती म्हून यावं लागंल. पायवाट पडली की गवात माजत न्हाय."

परतीच्या एसटीत खांदा ठणकत होता. क्रूसाचा अर्थ कोणी विचारला, तर मला अजूनही धड सांगता येणार नाही. पाना मावशीने ठेवून घेतला.