गिंडीच्या फाटकावरचा आडवा हात

मद्रासला कारकून होतो तेव्हा एका रविवारी आमच्या साहेबांबरोबर गिंडीच्या जंगलात काळविटं पाहायला गेलो. फाटकावरचा पहारेकरी काटकुळा म्हातारा होता. आवाजानं जनावरं बुजतात म्हणून तो प्रत्येकाला पायताण काढायला लावी. स्वतः वर्षानुवर्षं अनवाणीच. साहेब बूट काढेनात. म्हाताऱ्यानं वाटेत हात आडवा धरला.

"मी कोण आहे, माहीत आहे का?" साहेब तमिळमध्ये गरजले.

"मला माहीत आहे, सामी. काळविटाला माहीत नाही."

साहेब तणतणत मोटारीकडे वळले आणि मला म्हणाले, "चला!"

सोमवारी कचेरीत काय वाढून ठेवलंय ते मला दिसत होतं. तरी मी चपला काढून हातात घेतल्या. तेव्हा कुठे तो आडवा हात खाली आला.