शेवटच्या अक्षराची सावली

किराणा दुकानाचा फाटका फ्लेक्स काल उतरवला, तर खाली अण्णांची पाटी निघाली. अण्णा म्हणजे माझे वडील, पेंटर. त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली. पिवळ्यावर वीतभर जाडीची लाल अक्षरं, त्यांना काळी सावली. सत्तरच्या दशकातली ही अक्षरं गल्लीच्या टोकावरून हाक मारायची. हल्लीची कशी सडपातळ, कुणाला त्रास नको म्हणून अंग चोरून उभी! अण्णा आधी सगळी अक्षरं भरायचे, मग एकेका अक्षराला उजव्या अंगाने सावली द्यायचे. त्यांच्या पाट्यांवर ऊन कायम डावीकडूनच पडायचं.

शेवटच्या अक्षराला मात्र सावली नव्हती.

"राहून गेली वाटतं," मी म्हणालो.

"तुझी आई गेल्याचा निरोप आला, तेव्हा ते शिडीवर होते," म्हातारे दुकानदार म्हणाले. "ब्रश माझ्या हातात दिला आणि गेले. पुन्हा या रस्त्याला आलेच नाहीत."

लहानपणी बाजारात जाताना अण्णा मला लांबच्या वाटेने न्यायचे. पाय दुखतात म्हणून मी रोज कुरकुरायचो.

तेवढ्यात नवा फ्लेक्स ठोकून झाला. त्यावरच्या सगळ्या अक्षरांना सावली होती. शेवटच्यालाही.